माहिती चौकट : स्टीव्ह कर यांची मुख्य प्रशिक्षकपदी निवड, २०१४

- संघ : गोल्डन स्टेट वॉरियर्स, कॅलिफोर्निया (एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग).
- आधीचे प्रशिक्षक : मार्क जॅक्सन. २०१३-१४च्या साखळीत ५१ विजय, ३१ पराभव. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत संघ बाद. मे २०१४मध्ये जॅक्सन यांना नारळ.
- कर यांचा अनुभव : खेळाडू म्हणून ५ विजेतेपदं (शिकागो ३, सॅन अँटोनियो २). फिनिक्स सन्सचे जनरल मॅनेजर, नंतर टीव्ही समालोचक. प्रशिक्षकपदाचा अनुभव शून्य.
- पहिला हंगाम : ६७ विजय, १५ पराभव. ४० वर्षांनी विजेतेपद.
- गाजलेला बदल : २०१५च्या अंतिम मालिकेत वॉरियर्स १-२ मागे. चौथ्या सामन्यात उंचापुरा सेंटर अँड्र्यू बोगट बाकावर, त्याच्या जागी आंद्रे इग्वोडाला. पुढचे तिन्ही सामने खिशात. मालिकावीर इग्वोडालाच.
- पुढे : २०१५-१६मध्ये ७३ विजय, हा साखळीतला विक्रम. अंतिम मालिकेत मात्र क्लीव्हलँडकडून ३-४ हार. २०१७, २०१८ व २०२२मध्ये पुन्हा विजेतेपद.

फरक लक्षात घ्या : जनरल मॅनेजर खेळाडू आणतो, करार करतो. मुख्य प्रशिक्षक डावपेच आखतो, कोण किती मिनिटं खेळणार ते ठरवतो.