कचेरीच्या दारातला गोळीबार

१ जुलै १९२१ रोजी धारवाडात पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. असहकाराचे वर्ष होते आणि खिलाफतीचे व काँग्रेसचे स्वयंसेवक दारूच्या दुकानांवर पिकेटिंग करत होते. दारूचे मक्ते सरकार लिलावाने देई, त्यामुळे दुकानाला गिऱ्हाईक कमी झाले की झळ थेट अबकारी उत्पन्नाला बसे. गोळीबार झाला तो जकणी बावीच्या परिसरात. तिघे स्वयंसेवक मेले, ३९ जण जखमी झाले. जमावाने दगडफेक केली, दुकानाला आग लावू पाहिली, असे सरकारचे म्हणणे. गोळी घालण्याजोगे काहीच घडले नव्हते, असे लोकांचे. खटले मात्र भरले गेले ते जमावातल्या माणसांवर. शेवटी काँग्रेसने आपली स्वतंत्र चौकशी समिती नेमली. तिच्यात अब्बास तय्यबजी होते. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसने पंजाबात जी चौकशी केली, तिच्यातही ते होते.

पोलीस गोळीबाराच्या प्रत्येक प्रकरणात वाद होतो तो शेवटच्या पाचदहा मिनिटांचा. त्या मिनिटांत काय व्हायला हवे, याची कायद्यात एक वाट आखलेली आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती १२७ ते १३२ या कलमांत होती. आधी जमाव बेकायदेशीर ठरला पाहिजे. पाच किंवा अधिक माणसे आणि त्यांचा बेकायदा समान उद्देश, ही व्याख्या दंडसंहितेची. मग मॅजिस्ट्रेट किंवा ठाण्याचा अंमलदार जमावाला पांगण्याचा हुकूम देतो. लोक हलले नाहीत, तर बळाने पांगवायचे आणि लागेल तशी धरपकड करायची. तेवढ्यानेही भागत नसेल तर लष्कर.

या कलमांत पोलिसांसाठी ‘गोळी’ हा शब्दच नाही. आहे तो फक्त ‘बळ’. कमीत कमी बळ वापरा, माणसांना व मालमत्तेला कमीत कमी इजा करा, ही स्पष्ट ताकीद आहे, पण ती लष्करी अधिकाऱ्यासाठीच्या कलमात. पोलिसांच्या कलमात ती नाही. साहजिकच पोलिसांवरची बंधने आली ती त्यांच्या नियमावल्यांतून: आधी स्पष्ट इशारा द्यावा, नेम खाली धरावा, जमाव पांगू लागला की थांबावे, काडतुसे मोजावीत, जखमींना दवाखान्यात पोचवावे. हवेत गोळीबार केला असे आपण बातम्यांत वाचतो आणि त्याला सौम्य उपाय समजतो. बहुतेक नियमावल्यांना तो मान्य नाही, कारण वर गेलेली गोळी कुठे तरी उतरतेच आणि बहुधा ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाला लागते. संहितेतल्या या कलमांपैकी शेवटचे संरक्षणाचे: सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल सरकारच्या परवानगीवाचून खटला नाही. संहिता १९७३ साली बदलली, २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या १४८ ते १५१ या कलमांत ही सगळी चौकट जवळजवळ तशीच उतरली आहे. शंभराहून अधिक वर्षांत एवढा कमी बदल झालेला कायदा शोधावा लागेल.

कागदावरची ही वाट प्रत्यक्षात कशी वळते, ते पाहायला १९४२ च्या सातारा जिल्ह्यासारखी जागा नाही. ‘चले जाव’ चळवळीत तिथल्या लोकांनी मोर्चे नेले ते थेट मामलेदार कचेऱ्यांवर. मामलेदार कचेरी म्हणजे तालुक्याचा खजिना, जमिनीचे दप्तर आणि बहुधा आवारातच कोठडी. आत बसणारा मामलेदार महसूल गोळा करी आणि मॅजिस्ट्रेटचे अधिकारही त्याच्याकडेच असत. म्हणजे ज्याच्या छपरावर तिरंगा लावायचा, तोच जमावाला पांगण्याचा हुकूम देऊ शकणारा माणूस.

२४ ऑगस्टला कऱ्हाडला मोर्चा झाला. ३ सप्टेंबरला तासगावच्या मोर्च्यात मामलेदार निगुडकरांच्या डोक्यावर लोकांनी गांधी टोपी चढवली, कचेरीवर झेंडा लागला, आणि रक्त न सांडता माणसे घरी गेली. ९ सप्टेंबरला खटावच्या गावांतले लोक वडूजच्या कचेरीवर निघाले. पुढे झेंडा घेऊन परशुराम घार्गे होते. तिथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. घार्ग्यांसह नऊ जण मेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळीबार आणि दोन मृत्यू.

तासगाव आणि वडूज यांच्यामध्ये सहा दिवस होते. त्या सहा दिवसांत कायद्याचे अक्षरही बदललेले नव्हते. जिल्हा तोच, कार्यक्रम तोच, झेंडाही तोच. मला यातून एकच दिसते: कायदा गोळीबाराला वाव देतो, तो करायला लावत नाही. झेंडा लागू द्यायचा की बंदुका उचलायच्या, हे दारात उभा असलेला अधिकारी ठरवतो, आणि तासगावी जे झाले तेही त्याच कायद्याखाली झाले. कमजोरपणा म्हणून त्याची हेटाळणी करणारे वरिष्ठ असतीलच. पण तिथे कुणी मेले नाही. वडूज-इस्लामपूरनंतर उघड मोर्चे थांबले, कार्यकर्ते भूमिगत झाले आणि पुढच्या काळात त्याच भागात प्रतिसरकार उभे राहिले. कचेऱ्या वाचवण्यासाठी झाडलेल्या गोळ्यांनी तालुकेच्या तालुके सरकारच्या हातून निसटायला मदतच केली.

गोळीबारानंतर उरते ती चौकशी. धारवाडला ती लोकांनीच करून घेतली. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याने ती सरकार नेमू लागले. अशा अहवालात निष्कर्षापेक्षा तपशील आधी वाचावा. हुकूम कोणी दिला आणि तो त्या वेळी नोंदवला का? इशारा कुठून दिला, तो मागच्या माणसाला ऐकू जाण्यासारखा होता का? किती फैरी झाडल्या? जखमा कमरेच्या वर की खाली, समोरून की पाठीवर? पाठीवरची जखम बहुधा पळणाऱ्या माणसाची असते, आणि पळणारा जमाव म्हणजे पांगलेला जमाव.

आयोगाचे म्हणणे सरकारवर बंधनकारक नसते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण मेले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरले, ते २००९ साली.