विदूषकाची टोपी उतरल्यानंतर : एड विन यांची अभिनय-कारकीर्द

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ‘व्हॉडव्हिल’ हा रंजनप्रकार अत्यंत लोकप्रिय होता. गायन, नृत्य, कसरती, जादूचे प्रयोग आणि विनोदी संभाषणे असे परस्परांशी संबंध नसलेले प्रवेश त्यात एकामागून एक सादर होत. प्रत्येक कलावंताच्या वाट्याला मोजकी मिनिटे येत. तेवढ्या अवधीत प्रेक्षकांच्या मनावर ठसेल अशी छबी उभी करावी आणि तीच घेऊन वर्षानुवर्षे गावोगाव फिरावे, अशी या व्यवसायाची रीत होती. चित्रपटातील चरित्र अभिनेत्याकडून मात्र आपली छबी मागे ठेवून कथेतील दुय्यम व्यक्तीला सजीव करण्याची अपेक्षा असते. या दोन परस्परविरुद्ध शिस्तींमधील अंतर सत्तरीच्या उंबरठ्यावर कापणारे नट म्हणून एड विन यांची कारकीर्द अभ्यसनीय ठरते.

विन यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. त्यांचे मूळ नाव आयझाया एडविन लिओपोल्ड. वडिलांचा टोप्यांचा व्यवसाय होता. मुलाने रंगमंचावर जाणे घराण्याला कमीपणा आणील म्हणून ‘एडविन’ या मधल्या नावाचे दोन तुकडे करून त्यांनी रंगनाम घेतले. १९१३ मध्ये न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटर सुरू झाले, तेव्हा उद्घाटनाच्या कार्यक्रमात त्यांचा समावेश होता. पुढे झिगफेल्ड यांच्या ‘फॉलीज’मध्ये ते झळकले. १९१९ च्या नटांच्या संपाला त्यांनी उघड पाठिंबा दिला. त्यामुळे निर्मात्यांची दारे बंद झाली, तेव्हा १९२० मध्ये त्यांनी स्वतःच ‘एड विन कार्निव्हल’ रचून रंगमंचावर आणले. १९२१ च्या ‘द परफेक्ट फूल’ या प्रयोगाचे नाव तर त्यांना बिरुदासारखे चिकटले.

ही छबी बाह्य साधनांवर उभी होती : विचित्र टोप्या, ढगळ कोट, मोठा चष्मा, मध्येच उंच चढणारा थरथरता आवाज आणि खुदकन हसू. मक्याचे कणीस टंकलेखन यंत्राच्या सरकत्या भागावर बसवून खाण्यासारखी अजब उपकरणे तिच्यात भर घालत. मात्र तिचा खरा प्राण प्रेक्षकांच्या प्रतिसादात होता. १९२२ मध्ये ‘द परफेक्ट फूल’ आकाशवाणीवरून प्रक्षेपित होत असताना समोरच्या शांततेने विन गोंधळले आणि इमारतीतील कर्मचाऱ्यांना जमवून त्यांनी हशा मिळवला, असे सांगितले जाते. १९३२ पासून टेक्साको कंपनीच्या कार्यक्रमाने त्यांना देशभर कीर्ती दिली. तेथेही ते रंगभूषा व वेशभूषा करूनच ध्वनिक्षेपकापुढे उभे राहत. १९३३ मध्ये स्थापन केलेली त्यांची स्वतःची प्रक्षेपण संस्था काही आठवड्यांतच कोसळली. १९४९ मधील दूरचित्रवाणी मालिकेने एमी पारितोषिक मिळवले, पण तिचे आयुष्यही अल्प ठरले. काळ बदलला होता आणि जुनी टोपी कालबाह्य वाटू लागली होती.

या टप्प्यावर त्यांचे पुत्र कीनन विन यांनी त्यांना गंभीर भूमिकांकडे वळण्याचा आग्रह केला. कीनन स्वतः हॉलिवूडमधील प्रस्थापित चरित्र अभिनेते होते. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी रॉड सर्लिंग लिखित ‘रेक्वियम फॉर अ हेवीवेट’ हे नव्वद मिनिटांचे दूरचित्रवाणी नाट्य थेट प्रक्षेपित झाले. त्यात विन यांनी थकलेल्या मुष्टियोद्ध्याच्या प्रशिक्षकाची भूमिका केली. तालमींत ते संवाद विसरत, जुन्या लकबींत शिरत. अखेर दुसरा नट गुपचूप तयार ठेवावा लागला. थेट प्रक्षेपणात दुरुस्तीला वाव नव्हता आणि आधाराला हशाही नव्हता. तरीही प्रत्यक्ष प्रयोगात ते यशस्वी झाले. दिग्दर्शक राल्फ नेल्सन यांनी या तालमींवरच १९६० मध्ये ‘द मॅन इन द फनी सूट’ हे नाट्य रचले, आणि पिता-पुत्रांनी त्यात स्वतःच्याच भूमिका केल्या.

त्यानंतर ‘द डायरी ऑफ ॲन फ्रँक’ (१९५९) मधील दंतवैद्य डसेल यांच्या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्तम सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन लाभले. विनोदासाठी घडवलेला कंप पावणारा आवाज येथे लपून राहणाऱ्या माणसाच्या भीतीचा आवाज झाला. त्याच वर्षी सर्लिंग यांच्या ‘द ट्वायलाइट झोन’ मालिकेत त्यांनी रस्त्यावरील विक्रेता साकारला. एका लहान मुलीचे प्राण वाचवण्यासाठी हा विक्रेता मृत्यूला मध्यरात्रीपर्यंत बोलण्यात गुंतवून ठेवतो. श्रोत्याला खिळवून ठेवण्याचे व्हॉडव्हिलमधील कौशल्यच येथे जीवन-मरणाचा प्रश्न बनले. ज्या साधनांचा तालमींत अडथळा झाला होता, तीच आता व्यक्तिरेखेच्या गरजेतून येऊ लागली.

या दृष्टीने ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) मधील अंकल अल्बर्ट ही भूमिका लक्षणीय आहे. हसू अनावर झाले की अल्बर्ट हवेत तरंगतो, आणि दुःखाचा विचार मनात आला की खाली येतो. पाहुणे निघू लागताच त्याला रडू कोसळते. हशावर जगलेल्या नटाला हसू आणि एकाकीपण दोन्ही पेलण्याची संधी या छोट्या प्रसंगाने दिली. १९ जून १९६६ रोजी विन यांचे निधन झाले. चरित्र अभिनेता होण्यासाठी त्यांना आपल्यातील विदूषक टाकून द्यावा लागला नाही. प्रेक्षकांच्या हशाविना उभे राहणे मात्र शिकावे लागले, आणि ते त्यांनी अर्धशतकाच्या यशानंतर, उतारवयात शिकून घेतले.