फजितीची कबुली

हेलसिंकी : फिनलंडच्या सरकारी दप्तरात चुकीसाठी ‘विर्हे’ हा निर्विकार शब्द रूढ असला, तरी ट्राममध्ये, शाळेच्या आवारात आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही, ज्या प्रमादाने करणाराची उघड फजिती होते त्याला लोक ‘मोका’ म्हणतात; आपण साधतो त्या मोक्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मितभाषी आणि लोकलज्जेला जपणाऱ्या या समाजात ‘मोकासिन’, म्हणजे ‘घोळ माझ्या हातून झाला’, एवढे एकच पद उच्चारून मनुष्य मोकळा होतो, आणि लांबलचक सबबी सांगणाऱ्यापेक्षा त्याची पत अधिक राहते.

या कबुलीला सार्वजनिक प्रतिष्ठा द्यावी, असे २०१० साली आल्टो विद्यापीठातील काही उद्योगोत्सुक विद्यार्थ्यांच्या मनाने घेतले व त्यांनी १३ ऑक्टोबर हा ‘अपयशाचा दिवस’ म्हणून जाहीर केला. नवा व्यवसाय काढू पाहणाऱ्या तरुणाच्या आड नाचक्कीची भीती येते, हे त्यांनी हेरले होते; आणि ज्या नोकियाच्या आश्रयाने देशाची भरभराट झाली तिची सद्दीही तेव्हा ओसरू लागली होती. तिचा मोबाइलचा धंदा २०१४ साली मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला. उलट २००९ साली आलेल्या ‘अँग्री बर्ड्‌स’ने नाव काढण्यापूर्वी रोव्हिओ कंपनीचे ५१ खेळ बाजारात येऊन गेले होते, ही गोष्ट येथे कौतुकाने सांगितली जाते, आणि सुपरसेल या हेलसिंकीच्याच कंपनीत एखादा खेळ अर्ध्यावर सोडावा लागला, म्हणजे शॅम्पेन फोडून काय चुकले याची खुली चर्चा करण्याचा प्रघात आहे.

तथापि या औदार्याला मर्यादा आहे. २००३ च्या एप्रिलात देशाच्या पहिल्या स्त्री-पंतप्रधान झालेल्या आनेली यॅत्तेनमॅकी यांनी निवडणूक-प्रचारात इराकविषयक गोपनीय दस्तऐवजांतील मजकूर वापरला होता. ते कागद आपल्या हाती कसे आले, याविषयी त्यांनी संसदेपुढे केलेला खुलासा सहकारी पक्षांनाही पटला नाही, आणि जूनमध्येच त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढील वर्षी न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, परंतु गेलेले पद परत आले नाही.

हा कठोरपणा आजकालचा नाही. हा मुलूख स्वीडनच्या अंमलाखाली असताना, १७६६ साली, अँडर्स चिडेनियस या येथील धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने सरकारी कागद पाहण्याचा हक्क प्रजेला कायद्याने मिळाला. जेथे दप्तर उघडे असावे ही कल्पना इतकी जुनी आहे, तेथे आपला घोळ वेळीच कबूल करणे हा नीतीचा जितका, तितकाच व्यवहाराचा प्रश्न होऊन बसतो.