ईमेलचा बॅकअप: एकाच दिशेने

आपल्या मंडळाकडे कविता, कथा, मुलाखती सगळं ईमेलनेच येतं. आयमॅपमध्ये फोन आणि सर्व्हर दोन्ही बाजूंनी जुळतात. फोनवर मेल कायमचा पुसला की सर्व्हरवरूनही जातो. म्हणून याला बॅकअप म्हणता येत नाही.

मला एकमार्गी सिंक जास्त पटतं. मेल सर्व्हरवरून डिस्कवर उतरतो, उलट काहीच जात नाही. एमबीसिंक या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘सिंक पुल न्यू’ असं लिहिलं की फक्त नवे मेल येतात. सर्व्हरवर पुसलेला मेल डिस्कवर तसाच राहतो. मूळ कागद फाटला तरी झेरॉक्स उरते ना, तसंच. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाइल होते, ती इंटरनेटशिवायही वाचता येते.

मात्र खातं बंद झाल्यावर काहीच उतरवता येत नाही. कॉलेज सोडण्याआधीच ही तजवीज करावी.