पाव मिलिमीटरचा हिशेब

वाळूजमधल्या एका लहान शेडमध्ये ग्रॅनाइटच्या सर्फेस प्लेटवर, हाइट गेजच्या शेजारी, पुठ्ठ्याचा एक वेडावाकडा तुकडा ठेवलेला होता. आजूबाजूचं सगळं सामान चौकोनी, ग्राइंड केलेलं, चकचकीत. मऊ वळणाचा तेवढा हा एकच तुकडा.

"पोरीच्या गालाचं माप आहे," शेडमधले काका म्हणाले.

त्यांची मुलगी नववीत आहे. रात्री जेवणं झाल्यावर तिला भिंतीपाशी उभं केलं, रायफल म्हणून पडद्याची दांडी हातात दिली आणि गालाचं हाड दांडीपासून किती वर येतं ते पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आखून घेतलं. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात तारीखही घातलेली होती. मापावर तारीख घालायची सवय या माणसाच्या हातातच बसलेली आहे.

रविवार पुरवणीच्या संपादकांनी मला एक साधा प्रश्न देऊन पाठवलं होतं: नेमबाजी शिकणाऱ्या मुलाची पहिली रायफल विकत घ्यावी की बनवून घ्यावी? १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्याआधी २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोला १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला होता. घराघरांत हट्ट सुरू झाले ते तेव्हापासून. प्रश्नातला 'बनवून घ्यावी' हा भाग मात्र खास छत्रपती संभाजीनगरचा. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या इथल्या औद्योगिक वसाहती. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. त्याच्या आगेमागे सुटे भाग बनवणाऱ्यांची अख्खी वसाहत उभी राहिली. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममधून डाय आणि मोल्ड बनवणारी पोरं शिकून बाहेर पडतात. इथे एखादा भाग बाजारात मिळाला नाही तर माणूस तो लेथवर काढून आणतो. काकाही त्या टूल रूममध्येच शिकलेले. त्यामुळे मुलीने रायफल मागितली तेव्हा पहिला विचार त्यांच्या मनात आला तो दुकानाचा नव्हता, मशीनचा होता.

आधी कायदा सांगते, कारण त्यात संदिग्ध काही नाही. आपल्याकडे स्पोर्टिंग रायफल म्हणजे फार वर्षं शिकारीची बंदूक. ३०३ हे लष्करी काडतूस नागरिकांना वर्ज्य, म्हणून ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने ३१५ बोअरची रायफल बाजारात आणली. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांमधून तीच भिंतीवर टांगलेली असायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली आणि खेळाला उरला तो कागदाचा निशाणा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ५ सांगतं की परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवता येत नाही, त्यात बदल करता येत नाही, दुरुस्तही करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. म्हणजे बारूदाची रायफल घरी किंवा शेडमध्ये बनवणं हा विषयच संपला.

एअर रायफलचं गणित वेगळं. नळी ४.५ मिलिमीटरची आणि ऊर्जा २० जूलच्या आत असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे ती घ्यायला परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल साडेसात जूलच्या आसपास असते. पण घ्यायला परवाना नको म्हणजे बनवायलाही नको, असा अर्थ कुणी काढू नये. काकांनी तो काढला नाही. त्यांना थांबवलं मात्र कायद्याच्या आधी दुसऱ्याच गोष्टीने.

ते मला शेडच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे प्लास्टिकच्या मोल्डमध्ये पाणी फिरवण्यासाठी लांब, सरळ भोकं पाडायचं काम चाललं होतं. या कामाच्या हत्याराला सगळे 'गन ड्रिल'च म्हणतात. धार एकाच बाजूला, आतून पोकळ. पोकळीतून दाबाने तेल जातं आणि तेच तेल कातलेला बारीक कीस बाहेर ढकलत आणतं. हे तंत्र निघालं बंदुकीच्या नळ्यांसाठी. आज ते क्रँकशाफ्टमध्ये आणि मोल्डमध्ये राबतं, नाव मात्र जुनंच राहिलंय. अशी खोल छिद्रं पाडायची यंत्रं बनवणाऱ्या अंबरनाथच्या प्रेसिहोलच्या घराण्यातूनच पुढे काही भारतीय एअर रायफली आल्या, हे मला त्या मशीनसमोर उभं राहिल्यावर अगदी स्वाभाविक वाटलं.

"भोक मी पाडीन ताई," काका म्हणाले. "सरळ पाडीन. आतली रायफलिंगसुद्धा कशी काढतात ते मला समजतंय. पण स्पर्धेच्या साठच्या साठ गोळ्यांना तेच करणारी नळी? ती नाही जमायची. त्याला एक माणूस नाही, एक खानदान लागतं."

जर्मनीतल्या क्योनिग्सब्रॉन गावात लोथर वाल्थर नावाचा कारखाना नळ्या बनवतो, आणि जगातल्या कितीतरी एअर रायफलींवर त्याच नळ्या चढतात. नळी न बनवणारे रायफलवाले खुद्द जर्मनीतही आहेत, हे कळल्यावर काकांच्या मनावरचं ओझं उतरलं असावं. मग त्यांनी हिशेब मांडला, आणि तो मी वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला.

१० मीटरवरच्या निशाण्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. आता गुण दशांशात मोजतात, एका गोळीला कमाल १०.९. त्यासाठी त्या गोळीचं, म्हणजे पेलेटचं, केंद्र निशाण्याच्या केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत पडावं लागतं. "आमच्याकडे पाव मिलिमीटर म्हणजे खड्डाच," काका म्हणाले. "जॉब सरळ रिजेक्ट." त्यांना वाटलं होतं, हे तर सोपं आहे. मग त्यांनी तोच पाव मिलिमीटर दहा मीटरवरून उलटा मागे आणला. डोळ्याजवळची मागची साइट आणि पुढची साइट यांत ८० सेंटिमीटर अंतर धरलं, तर निशाण्यावरचा पाव मिलिमीटर म्हणजे पुढच्या साइटपाशी अवघे २० मायक्रॉन. केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. आणि ते टिपायचे कुणी, तर श्वास घेणाऱ्या, हृदय धडधडणाऱ्या चौदा वर्षांच्या पोरीने. तेही साठ वेळा, ७५ मिनिटांत.

त्या दिवसापासून काकांनी रायफल बनवायचा विचार सोडला आणि ते रायफलकडे बघायला लागले.

मुलगी जाते त्या रेंजवर कोपऱ्यात एक जुनी फाइनवेर्कबाऊ ३०० पडलेली आहे. नेकार नदीकाठच्या ओबेर्नडॉर्फ गावात माउझर बंद पडल्यावर तिथल्या दोन अभियंत्यांनी, कार्ल वेस्टिंगर आणि एर्न्स्ट आल्टेनबुर्गर यांनी, १९४९ मध्ये काढलेली ही कंपनी. काका मला ती रायफल दाखवायला मुद्दाम घेऊन गेले आणि खरं सांगते, माझाही पाय तिथून निघेना. हिच्यात दाबाची हवा भरून ठेवायचा सिलिंडर नाही. बाजूचा दांडा मागे ओढला की आतली जाडजूड स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे झेपावतो आणि त्याने दाबलेल्या हवेवर पेलेट निघतं. पिस्टनच्या त्या झेपेने साधी एअरगन हातात उसळते; पेलेट नळीत असतानाच उसळते आणि नेम तिथेच बिघडतो. ओबेर्नडॉर्फवाल्यांनी यावर काढलेली तोड बघा. नळी आणि सिलिंडर मिळून सगळा वरचा भाग त्यांनी दस्त्यावर घट्ट बसवलाच नाही, रुळांवर ठेवला. चाप सुटतो त्याच क्षणी तो भाग मोकळा होतो आणि काही मिलिमीटर मागे सरकतो. धक्का त्या सरकण्यातच जिरतो. दस्ता, गाल आणि खांदा जागच्या जागी राहतात.

काकांनी दांडा ओढला, कोचच्या परवानगीने एक गोळी झाडली. पुन्हा ओढला, पुन्हा झाडली. तिसऱ्या वेळी ते निशाण्याकडे बघतच नव्हते; कान रायफलीशी नेऊन रूळ ऐकत होते. "लेथच्या बेडसारखं आहे हे," ते हळूच म्हणाले. "घासून घासून बसवलेलं." पन्नासेक वर्षांपूर्वीचं ते सरकणं अजून तेलकट, मऊ आणि बिनआवाजी होतं. आपल्या कामाच्या जातीचं काम परक्या मुलखात कुणीतरी इतकं नीट केलेलं बघून त्यांचा चेहरा जो झाला, तो मी विसरणार नाही.

अशी जुनी रायफल मिळाली तर तीच घ्यावी, असं त्यांच्या मनात होतं. कॉम्प्रेसर नको, हवा भरणं नको, सिलिंडरची मुदत संपणं नको. मुलीने मात्र ती एका रविवारी पूर्ण साठ गोळ्या झाडून पाहिली. चाळिसाव्या गोळीला दांडा ओढणारा हात थरथरायला लागला, आणि तोच हात पुढच्या क्षणी रायफल तोलायला हवा होता. शिवाय प्रत्येक गोळीला दांड्यासाठी शरीराची ठेवण मोडायची आणि पुन्हा बांधायची. आजच्या रायफलीत २०० बारच्या दाबाची हवा सिलिंडरमध्ये आधीच भरलेली असते. पेलेट घालायचं, ब्रीच बंद करायची, मान जागची हलवायची नाही. काकांनी वाद घातला नाही. रूळवाली रायफल पुसून, तेल लावून कोपऱ्यात ठेवली.

म्हणजे विकत घ्यायची, एवढं ठरलं. तिथून पुढे सगळ्या अडचणीच.

नवी जर्मन रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते. गुण कमावून 'नामांकित नेमबाज' ठरलेल्यांना आयात शुल्कात सवलत मिळते. जिने अजून काही कमावलेलं नाही, तिला नाही. खरी गरज सुरुवातीला आणि सवलत नंतर, हे मला बोचतं आणि ते मी इथे लिहून ठेवते. मग उरते जुनी, एका नेमबाजाने सोडून दिलेली. जुन्या रायफलीत लोक नळी बघतात, दस्त्यावरचे ओरखडे बघतात. बघायला हवा सिलिंडर. त्यावर तारीख ठोकलेली असते. कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत उलटलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेत उभं राहता येत नाही. आठ वर्षं झालेली रायफल स्वस्तात मिळाली म्हणून आनंदाने आणली, की दोन वर्षांत नव्या सिलिंडरचा खर्च दारात उभा. दाब इतका मोठा असतो की मुदतीकडे काणाडोळा करणं म्हणजे मुलाच्या अंगाशी खेळणं आहे. यात तडजोड करू नका, हे मी प्रत्येक पालकाला हात धरून सांगेन.

मग पेलेट. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या डब्यांवर ४.४९ आणि ४.५० अशी डोक्याची वेगळी मापं असतात, आणि कुठलं माप कुठल्या नळीला मानवेल हे नळीच सांगते. रायफल शिकंज्यात धरून निरनिराळे लॉट झाडून बघावे लागतात. ज्या लॉटचा ग्रुप सगळ्यांत लहान, तोच वर्षभराचा घ्यायचा. गावात एवढे लॉट एकत्र मिळत नाहीत. पुण्या-मुंबईला जाणाऱ्या कुणाकडून तरी मागवावे लागतात. आतलं एखादं सील गेलं तरी रायफल पार्सलने बाहेरगावी पाठवायची, आणि ती परत येईपर्यंत पोरगी रेंजच्या सामायिक रायफलीवर.

त्या सामायिक रायफलीपासूनच तर हे सगळं सुरू झालं होतं. रेंजवर एका रायफलीवर दिवसाला पाच-सहा मुलं सराव करतात. प्रत्येक जण गालाची पट्टी वर-खाली करतो, खांद्याला टेकणारी बटप्लेट सरकवतो. स्क्रूंची तोंडं गोल झालेली असतात. गालाची पट्टी दोन मिलिमीटर खाली असेल तर मूल नकळत मान वाकवतं, आणि तिसाव्या गोळीपर्यंत मान दुखायला लागते. मूल म्हणतं, आज लक्ष लागत नाही. आईवडील म्हणतात, मोबाइल कमी कर. चूक दोन मिलिमीटरची असते, आणि ती दिसते फक्त बाजूला उभं राहून बघणाऱ्याला. काकांनी ती बघितली, कारण आयुष्यभर दोन वस्तूंमधली फट बघणं हेच त्यांचं काम आहे.

आणि इथे त्यांच्या हातांना अखेर काम सापडलं. नळीला, चापाला, हवेच्या रस्त्याला ते बोट लावणार नाहीत. पण बटप्लेट आणि दस्ता यांच्यामध्ये बसणारे अ‍ॅल्युमिनियमचे स्पेसर त्यांनी बनवून ठेवलेत. प्रत्येक दोन मिलिमीटरचा, एकूण सहा, प्रत्येकावर नंबर पंच केलेला. कडा बोटाने चाचपून बघितल्या. कुठे धार लागली नाही. रायफलीचं एकूण वजन साडेपाच किलोच्या आत राहायला हवं आणि स्पर्धेआधी तपासणीत मापं घेतली जातात, म्हणून कोचला विचारून, नियमपुस्तक समोर ठेवून त्यांनी एकेक माप ठरवलं. रायफल अजून घरात आलेली नाही, स्पेसर तयार आहेत.

मी निघताना पुठ्ठ्याचा तो तुकडा पुन्हा हातात घेतला, तेव्हा त्याच्या खाली आणखी दोन निघाले. एक जूनचा, एक दिवाळीनंतरचा. तिन्ही एकावर एक ठेवले तर कडा जुळत नव्हत्या. पोरगी वाढतेय.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. नागपूरच्या एका मुलाने रायफल विकायला काढली होती आणि सिलिंडरवरच्या शिक्क्याचा फोटो पाठवला होता. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला, ट्यूबलाइटखाली नेऊन पुन्हा बघितला. वर्षाचा शेवटचा आकडा पुसट होता. सहा असावा किंवा आठ. त्यांनी फोन लावला.

"बाळा, सिलिंडर जरा फडक्याने पूस," ते म्हणाले, "आणि उन्हात धरून परत एक फोटो काढ. मी थांबतो."