नाथ पै यांचे विधेयक आणि हक्कांची माघार

मानवी हक्कांच्या युरोपीय करारातून बाहेर पडावे काय, हा वाद ब्रिटनमध्ये बरीच वर्षे चालू आहे. लोकनियुक्त संसदेला स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने का अडवावे, हे त्याचे मूळ. त्याच जातीचा प्रश्न १९६७ साली राजापूरचे खासदार, वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै यांनी लोकसभेत मांडला होता.

त्या वर्षी २७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच मतांनी ठरवले, की मूलभूत हक्कांचा संकोच संसदेला करता येणार नाही. खटला पंजाबातल्या कमाल जमीनधारणेचा होता. कोकणात खोती नुकतीच, १९४९च्या कायद्याने गेलेली. मालमत्तेचा हक्क म्हणजे कोणाचा हक्क, हे इथल्या कुळाला वेगळे सांगायला नको होते. घटनेचे कोणतेही कलम दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला हवा, असे खासगी विधेयक नाथ पैंनी आणले. आज मालमत्ता, उद्या स्वातंत्र्य, ही विरोधकांची भीती होती.

विधेयक मंजूर होण्याआधीच लोकसभा विसर्जित झाली. १८ जानेवारी १९७१ला नाथ पै गेले. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्यांचे म्हणणे घटनेत आले. १९७३च्या केशवानंद भारती निकालाने तो अधिकार मान्य केला, पण घटनेच्या मूळ चौकटीला हात लावायचा नाही, ही मर्यादा घातली.

मग आणीबाणी आली. राजापूरचे नवे खासदार मधू दंडवते तुरुंगात गेले. २८ एप्रिल १९७६च्या निकालानुसार स्थानबद्धाला न्यायालयात दादही मागता येईना. हे नाथ पैंच्या सूत्रामुळे घडले नव्हते. हक्क स्थगित करण्याची सोय घटनेत पहिल्यापासूनच होती.

१९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने दोन्ही पक्षांना उत्तर दिले. मालमत्ता मूलभूत हक्कांतून वगळली गेली. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क मात्र आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरले. तेव्हा दंडवते केंद्रात रेल्वेमंत्री होते.

१० एप्रिल १९७९ला भारत नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. युरोपीय करार सहा महिन्यांच्या सूचनेने सोडता येतो. या करारात बाहेर पडण्याचे कलमच नाही. १९९७मध्ये उत्तर कोरियाने तसा प्रयत्न केला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने तो अमान्य केला. भारताने मात्र सामील होतानाच नवव्या कलमाला निवेदन जोडून प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची वाट मोकळी ठेवली. करारातून बाहेर न पडताही हक्क आखडता येतो, तो असा.