शीतसहिष्णु ताडांचे हिवाळी आच्छादन : काढावे केव्हा?

जात : चुसान ताड (ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी), रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४९ साली चीनमधून इंग्लंडला रवाना केलेला.

सहनशक्ती : जमिनीत रुजलेला प्रौढ वृक्ष सुमारे उणे १५ अंश सेल्सियसपर्यंत, कुंडीतला बराच कमी.

मुदत : जर्मनीत जमिनीतील झाडांवरचे आच्छादन, कडाक्याच्या थंडीचा अंमल सरला की, बहुधा मार्चमध्येच उतरवतात, कुंडीतील नाजूक जातींना मात्र ११ ते १५ मे हे ‘हिमसंतां’चे, म्हणजे उशिराच्या थंडीचे, दिवस उलटेपर्यंत बाहेर काढायचे नाही, असा तेथील जुना दंडक.

विलंबाचा धोका : ऊन तापू लागल्यावर बंद आवरणाखाली बाष्प साचून, ज्यातून खोडाची सारी वाढ होते तो शेंड्याचा एकमेव कोंब (या झाडाला दुसरा नसतो) कुजतो.

रीत : ढगाळ दिवशी, टप्प्याटप्प्याने काढावे; थंडी परतलीच तर जाड कापड हाताशी असावे.